दिवाळीनंतर या

नोव्हेंबर लागला की माझ्या दुकानात
म्हातारे येतात, आपण जिवंत आहोत हे सांगायला.
दुकान म्हणजे एक टेबल, बोटाचं यंत्र, बॅटरीवरचा पंखा,
मागे खताच्या गोण्या. त्या भावाच्या.

कवडूजी नान्हे सगळ्यांच्या आधी.
बांधकाम खात्यात बत्तीस वर्षं डांबर ओतलं,
लाखांदूरच्या रस्त्याची सगळी वळणं त्यांना पाठ,
बोटावर मात्र एकही उरलेलं नाही.
यंत्र म्हणतं, जुळत नाही.
ते बोट केसांतल्या तेलात घासतात, पुन्हा ठेवतात.
जुळत नाही.
"पाह्य ना बाई, मी बसलो ना समोर,
याले आणखी काय पायजे?"
शेवटी डोळा. तोही मोतीबिंदूचा.
तिसऱ्या खेपेला हिरवी खूण उमटते
आणि सरकार कबूल करतं, कवडू नान्हे आहे.

मागे उभा त्यांचा मुलगा, शिशुपाल.
जंगल खात्यात पंधरा वर्षं रोजंदारी,
रोपवाटिका, वणवा, साहेबांच्या पाहुण्यांसाठी सरपण,
मग कायम झाला. ऑर्डर तयार होती ऑक्टोबरात,
बाबू म्हणाला, आता सुट्या लागतात, दिवाळीनंतर या.
तो दिवाळीनंतर गेला.
त्या वर्षी दिवाळी एक तारखेला होती,
आणि नियमही त्याच तारखेचा.
बाबूला ठाऊक नव्हतं, यालाही नव्हतं.
त्या दोन वाक्यांमध्ये एक म्हातारपण पडून राहिलं.

मागच्या जूनमध्ये तो साठ वर्षांचा झाला.
एकरकमी आले त्यात मुलीचं लग्न, घराचा स्लॅब;
उरलेले एका कंपनीकडे, जिचं नाव
मला दोनदा वाचावं लागतं.
महिन्याला अठराशे बावीस.
वीस वर्षं तो मोबाइलवर आकडा बघायचा,
एकदा म्हणाला, "बाबा, बाजार पडला."
कवडूजी म्हणाले, "कोनता? आपला तं बुधवारी भरला होता."

ट्रेनिंगला एक साहेब आले होते, भंडाऱ्याला.
म्हणाले, म्हातारे वाढताहेत, तिजोरी एकच,
ज्याचं त्यानं साठवावं हेच बरं.
मी वहीत लिहून घेतलं. मला ते खोटं वाटलं नाही.
आजही वाटत नाही, एवढंच की
त्यांनी फळ्यावर काढलेल्या माणसाला
केस होते, हात होते, बोटं नव्हती.

पायरीवर भागरथा बसलेली असते.
रोवणीला वाकून वाकून तिची कंबर तशीच राहिली.
निराधारचे चार महिने आले नाहीत.
"हे दोघं जुनी-नवी करून भांडते," ती म्हणते,
"मले जुनीबी नाई, नवीबी नाई.
मीठ घेतो तं त्यातला टॅक्स कोनाच्या पेन्शनीत जाते वो?"
मी सांगते, मिठावर टॅक्स नसतो.
"मंग साबनावर," ती म्हणते.
यावर माझ्याकडे वहीतलं काही नाही.

कवडूजी नोटा मोजतात, चौदा हजार आणि वर काही,
तिथेच दोन भाग करतात.
मोठा शिशुपालच्या हातात.
साठ वर्षांचा माणूस बापासमोर तळवा पसरतो,
मान फिरवून, धानाच्या पुंजण्यांकडे बघत.
"डॉक्टर म्हने आराम करा," कवडूजी मला सांगतात,
"पन आता मराची सुट्टी मंजूर नाई.
मी गेलो का याचं रिटायरमेंट चालू होते."
हसतात. दात दोन.
मग दहाची एक नोट भागरथाच्या पदरात टाकतात,
चहाचे म्हणून, आणि तिच्याकडे बघत नाहीत.

संध्याकाळी यंत्राची काच पुसते.
दिवसभराचं तेल, वर धानाचा भुसा.
आज सव्वीस जिवंत निघाले.
व्यवहारामागे माझे थोडे रुपये, तेही बाहेरूनच,
कंपनीकडून.
काच स्वच्छ झाली की मी माझं बोट ठेवून बघते.
पहिल्याच खेपेला जुळतं. अजून.